परत आणलेलं पोतं

माझ्या मामाने मला भांडायला शिकवलं. रंधा मारायला शिकवायचाही त्याने पुष्कळ प्रयत्न केला, पण तो हात मला काही आला नाही. भांडण मात्र मी पहिल्याच फटक्यात उचललं. आई गेली तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. वडील त्याच्या आधीच कुठेतरी निघून गेले होते. मामा आला, माझी पिशवी त्याने काखोटीला मारली आणि मला घेऊन घरी निघाला. वाटेत मी एवढी आदळआपट केली की दारात पोचेपर्यंत माझं नाव ठरलं होतं. "ही ठिणगी," तो मामीला म्हणाला. "हिच्याजवळ कागद ठेवू नकोस."

मामा सुतार. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं काम, मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. माझा सगळा अभ्यास त्याच्या कामाच्या बाकाच्या एका टोकाला झाला. दुसऱ्या टोकाला त्याचा रंधा. मधे आमची भांडणं. माझी वही त्याच्या फळीवर आली म्हणून तो ओरडायचा, त्याचा भुसा माझ्या डब्यात गेला म्हणून मी ओरडायचे. शेजारचे सुरुवातीला धावत यायचे. नंतर सवयीने तेही आपापल्या कामाला लागले. मामी म्हणायची, "तुम्ही दोघं गप्प बसलात की मला वाटतं घरात कोणी आजारी आहे."

मग खरंच कोणी आजारी पडलं. मामाला झटका आला आणि त्याची उजवी बाजू लुळी पडली. जीव वाचला, बोलणं परत आलं, पाय ओढत का होईना तो चालायला लागला. उजवा हात मात्र परका झाला. पेला धरला तर धरला, नाही तर मामीच्या साडीवर. झटका आला तेव्हा एका मोठ्या कपाटाचं काम हातात होतं. गिऱ्हाइकाने समजूतदारपणे ते दुसऱ्या सुताराकडे नेलं आणि फळ्या मात्र, ठेवा तुमच्याकडेच, म्हणून सोडल्या. पांढरट, बिनवासाच्या, सुरेख फळ्या. त्या भिंतीला टेकून उभ्या, आणि मामा त्यांच्यासमोर खुर्चीत.

हाताचं मला वाईट वाटायचं, पण त्याहून वाईट होती घरात भरलेली गोडी. मामी त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागली. शेजारी येऊन म्हणायचे, वा, आज तब्येत छान दिसतेय. आणि मी, ठिणगी, मीसुद्धा. लग्नानंतर मी पलीकडच्याच गल्लीत राहते, कारखान्यातून येताना रोज त्याच्याकडे डोकावते. पूर्वी दारातूनच काहीतरी कुरापत काढायचे. आता मी विचारायचे, "मामा, बरं वाटतंय ना? काही हवंय?" तो म्हणायचा, "काही नको. सगळं छान आहे." माझ्या मामाने उभ्या आयुष्यात कधी कशाला छान म्हटलं नव्हतं. तो आमच्याशी पाहुण्यासारखा बोलत होता आणि आम्ही त्याच्याशी पाहुण्यासारखे. माणूस आपल्यासमोर बसलेला असून हातातून निसटत चाललाय, हे मला दिसत होतं आणि काही सुचत नव्हतं.

आता माझ्या कामाविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मी व्हिनेगरच्या कारखान्यात टाक्या सांभाळते. दुमजली घराएवढ्या उंच तीन टाक्या: थोरली, मधली, धाकटी. लोकांना वाटतं, व्हिनेगर म्हणजे काहीतरी मिसळून ढवळलं की झालं. तसं नाही, ते काम जिवाणू करतात. टाकीत वरून मद्यार्क मिसळलेलं पाणी शिंपडायचं, खालून हवा सोडायची, आणि मधे असं काहीतरी भरून ठेवायचं, ज्याच्या अंगाला हे जिवाणू चिकटून राहतील. एकदा चिकटले की ते स्वतःभोवती पातळ, बुळबुळीत थर धरतात, दुधावरच्या सायीसारखा. त्या थरात बसून, वरून झिरपणाऱ्या मद्यार्काचं ते आम्ल करतात आणि काम करता करता तापतात. टाकीला हात लावला आणि ती कोमट लागली की समजायचं, मंडळी कामावर आहे. मी त्यांना मंडळीच म्हणते. आमच्या ह्यांना ते आवडत नाही.

सगळं अडतं ते त्या मधल्या 'काहीतरी'पाशी. बसायला जागा कशी हवी याबाबत मंडळीचे नखरे विचारू नका. गुळगुळीत नको, त्यावरून थर घसरतो. फार बारीक नको, हवा कोंडते आणि जीव गुदमरतो. जड नको, टाकीच्या तळाची जाळी वाकते. आम्लात गंजणारं नको, स्वतःचा वास सोडणारं नको. आमच्या टाक्यांत जुन्या पद्धतीप्रमाणे लाकडाच्या साली होत्या. रंधा मारला की फळीवरून गोल वळून निघतात ना, त्या. कारखान्यात त्यांना कुरळ्या म्हणतात. मी नोकरीला लागायच्या आधीपासूनच्या कुरळ्या त्या. आता कुजून, मऊ पडून एकमेकींवर बसल्या होत्या. मधली टाकी बंदच पडली होती, धाकटी आम्ही रिकामी करून घासून ठेवली होती आणि थोरली रोज जराशी थंड होत चालली होती. ती पूर्ण थंड होण्याआधी तिच्यातली मंडळी नव्या जागेवर बसवायची होती. बसली नाही तर कारखान्याचं मूळ विरजणच गेलं. बाहेरून नवं आणता येतं, पण मालक म्हणायचे, आमच्या व्हिनेगरला जी चव आहे ती ह्या मंडळीची आहे. एवढं एक वाक्य मालक नेहमी बरोबर बोलायचे.

बाकी मालक हौशी माणूस. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी प्लास्टिकच्या चकत्या पाहिल्या. जाळीदार, हलक्या, धुता येणाऱ्या, न कुजणाऱ्या. "मॅडम, पुढची कित्येक वर्षं बघायला नको," म्हणाले आणि धाकटी टाकी भरेल एवढ्या मागवूनही टाकल्या. मी विरोध केला नाही. कागदावर त्या मलाही पटल्या होत्या, आणि कुरळ्या तरी आता आणायच्या कुठून? सगळीकडे यंत्रावर रंधा होतो, त्यातून निघतो तो चुरा.

चकत्या आल्या त्याच संध्याकाळी मी मामाकडे गेले. तो खुर्चीत, फळ्या भिंतीला. मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणाले, "मामा, टाकीसाठी कुरळ्या हव्यात मला. भरपूर. ह्या फळ्यांच्या काढून देशील?"

त्याने मान वळवून फळ्यांकडे बघितलं. "फळ्यांचं काय करायचं?"

"काही नाही. फळी सोलून सोलून संपवायची. मला सालच हवी."

"कपाटाच्या फळ्या आहेत ह्या," तो म्हणाला. पूर्वीचा मामा असता तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला असता. जन्मभर ज्याचा केर काढला, तोच माल म्हणून मागतेस? अख्खी फळी सोलून टाकू? असं काहीतरी छप्पर उडवणारं बोलला असता. हा मामा फक्त म्हणाला, "खरंच हव्यात का?"

"हो, खरंच," मी म्हणाले. खरं नव्हतं ते. चकत्या येऊन पडल्या होत्या. मला फक्त त्याला खुर्चीतून उठवायचं होतं.

आणि तो उठला. मामीने त्याचा उजवा हात रंध्याच्या पुढच्या मुठीवर फडक्याने बांधून दिला, जोर लावायला मागे डावा. पहिले काही दिवस त्याला पातं नीट बसवता येत नव्हतं. रंधा मधेच अडकायचा, जाड, आडमुठ्या कुरळ्या निघायच्या. मामी म्हणाली, पूर्वी असली साल निघाली असती तर त्याने रंधा फेकून दिला असता. पण तो रोज थोडं थोडं करत राहिला. पोतं भरलं की सुतळी दाताने ओढून, एका हाताने त्याची ती विचित्र दुपेडी गाठ मारायचा आणि मामीच्या भाच्याच्या टेम्पोतून कारखान्यात पाठवायचा. मी ती पोती भांडाराच्या दारामागे रचून ठेवायचे. आमचा कारखान्यातला फिटर विचारायचा, "मॅडम, ह्यांचं काय करायचं?" मी म्हणायचे, "असू दे."

मामाचा हात सुधारत चालला होता. जेवताना घास स्वतः घ्यायला लागला. मामी मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझे उपकार गं बाई." मी हवेत होते. मला वाटलं, काय युक्ती काढली आपण.

एके दिवशी दुपारी पहारेकऱ्याचा निरोप आला की बाहेर तुमचे मामा आलेत. मी धावतच गेले, तर तो आधीच आत आलेला. शेवटचं पोतं घेऊन तो स्वतः टेम्पोत बसून आला होता. मला टाकी बघायची आहे, म्हणाला. चेहऱ्यावर पूर्वीची थोडी ऐट होती. फिटर बिचारा चांगला माणूस. त्याने मामाच्या हातातून पोतं घेतलं आणि त्याला सरळ भांडारात नेलं. मी पोचले तेव्हा मामा दारामागच्या थप्पीसमोर उभा होता. प्रत्येक पोत्याच्या तोंडाला त्याचीच गाठ होती, जशीच्या तशी. एकही सुटलेली नाही.

मी वाट बघत होते की तो ओरडेल. मनात म्हणत होते, ओरड रे, दे शिवी, आपट काहीतरी.

तो म्हणाला, "जागा चांगली आहे गं. कोरडी आहे." मग फिटरला म्हणाला, "बरं झालं बघायला मिळालं," आणि पाय ओढत टेम्पोकडे गेला. नवं पोतं दारातच पडून राहिलं. घरी गेल्यावर त्याने रंधा पुसून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. दोन फळ्या उरल्या होत्या, त्या मामीकडून मागच्या अंगणात ठेववून घेतल्या. मी गेले तर म्हणाला, "ये, बस. चहा घेतेस?" मला कधी त्या घरात कोणी बस म्हटलं नव्हतं. मी तिथे राहत होते.

इकडे चकत्यांचं नाटक सुरू झालं. त्या धाकट्या टाकीत भरल्या, थोरलीतलं पाणी त्यांच्यावरून फिरवलं आणि मंडळी बसायची वाट बघत राहिलो. चकत्या ज्या कारखान्यात बनतात तिथून निघताना त्यांच्या अंगावर साच्याचं तेल असतं, म्हणून मी त्या आधी गरम पाण्याने धुतल्या होत्या, व्हिनेगरमध्ये भिजवल्या होत्या. तरी अंग बुळबुळीतच. थर धरायचा, जरा जाड झाला की स्वतःच्याच वजनाने सुटायचा आणि ओल्या कागदासारखा खाली येऊन नळीचं तोंड बंद करायचा. फिटरने चकत्या वाळूने घासून खरबरीत करून बघितल्या. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. ह्या चकत्या वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. सांडपाण्याच्या टाक्यांत त्या उत्तम चालतात असं ऐकलंय, तिथले जिवाणू वेगळे. आमच्या मंडळीला त्या मानवल्या नाहीत एवढंच. मी भाजलेल्या मातीचे तुकडे आणून छोट्या काचेच्या नळकांड्यात लावून बघितले. थर झकास बसला, पण टाकीभर माती घातली असती तर जाळीसकट सगळं खाली आलं असतं. जाड कापडाच्या पट्ट्या लावल्या, त्या भिजून लोंबायला लागल्या. थोरली टाकी हाताला जवळजवळ गार लागत होती. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तेव्हा कुठे मला ती पोती आठवली. आठवली म्हणणंही बरोबर नाही, रोज त्यांच्यावरून नजर चुकवूनच मी जात होते. त्या दिवशी बसले त्यांच्यासमोर आणि सगळ्यात जुन्या पोत्याची गाठ सोडली. सुटता सुटेना ती, शेवटी मीही दात लावले. आत त्या पहिल्या दिवसांतल्या जाड, आडमुठ्या कुरळ्या. मूठभर घेऊन दाबल्या, हात सोडला तर पुन्हा आपल्या जागी उभ्या. नळकांड्यात भरून वरून पाणी सोडलं. हवा मधून सरसर वर जात होती आणि लाकडाच्या खरबरीत अंगाला थर असा धरला की पाण्याची धार वाढवली तरी हलेना. मी फिटरला हाक मारली. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हे तर घरी आल्यासारखे बसलेत."

आम्ही धाकटी टाकी पुन्हा रिकामी केली आणि पोती ओतायला लागलो, जुनी आधी. दारातलं ते शेवटचं पोतं आणि त्याच्याजवळची काही मी मागे ठेवली. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. थोरलीतली उरलीसुरली मंडळी पाण्याबरोबर वरून सोडली. मग वाट बघणं. एका सकाळी टाकीच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि तो कोमट लागला. मी तिथेच रडले. मालकांनी कपाळाला हात लावला, म्हणाले, "एवढी पोती इथे पडून होती आणि आपण चकत्या धूत बसलो?"

त्याच दिवशी मामाकडे गेले आणि धापा टाकत सगळं सांगितलं. टाकी तापली, तुझ्या कुरळ्यांवर तापली, आणखी हव्यात.

"बरं झालं," तो म्हणाला. हसलासुद्धा. मग म्हणाला, "मामीने सांगितलं असेल तुला, मी जेवत नाही म्हणून."

"नाही रे! खरंच सांगतेय."

"हो हो. खरंच असेल." आणि त्याने माझ्या डोक्यावरून डावा हात फिरवला. एकदा 'खरंच' म्हणून फसवलं होतं, आता तो शब्द माझ्याकडे उरला नव्हता. मी शपथा घातल्या, टाकी बघायला चल म्हटलं, मालकांना फोन लावून देते म्हटलं. तो प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होता, लहान मुलीने खोटा खोटा स्वयंपाक वाढावा आणि मोठ्या माणसाने मिटक्या माराव्यात तशी.

टाकी वरपर्यंत भरायची राहिली होती. दोनतीन दिवस गेले आणि मी राहिलेली पोती ओतून घेतली, दारातलं ते शेवटचं सोडून सगळी. दुसऱ्या दिवशी टाकीचा वरचा भाग कोमट होता, त्याच्या पुढच्या दिवशी गार. वर चढून झाकण काढलं तर पाणी साचलेलं, डबक्यासारखं. हात घातला आणि लगदा वर आला. कुरळ्या अशा पातळ की त्यांतून बोटाची रेघ दिसावी. भिजल्याबरोबर एकमेकींना चिकटून त्यांची चादर झाली होती. वरचं पाणी खाली जाईना, खालची हवा वर येईना. बसलेली मंडळी खाली गुदमरत होती.

मी खाली उतरले आणि राहिलेलं ते एक पोतं उघडलं. त्यात तर त्याहून पातळ. रेशमी. लाकडाची नव्हे, उजेडाची साल काढल्यासारखी. मला एका क्षणात कळलं काय झालं होतं. हात सुधारत गेला तसा मामाने पातं नीट बसवायला सुरुवात केली होती. जन्मभराची खोड ती, साल जेवढी पातळ तेवढा सुतार मोठा. ह्या माणसाने माझ्या टाकीवर कसब दाखवलं होतं!

माझं डोकं फिरलं. खरंच सांगते, त्या वेळी मनात युक्ती नव्हती, दया नव्हती, काहीही नव्हतं. फक्त टाकी होती आणि राग होता. फिटरला वरचा लगदा उपसायला लावलं, पोत्याचं तोंड हाताला येईल तसं बांधलं, खांद्यावर टाकलं आणि तशीच आंबट वासाची मामाच्या घरात शिरले. तो खुर्चीत बसला होता. मी ते पोतं त्याच्या पायाशी आपटलं.

"हे काय पाठवलंयस?"

तो दचकला. "काय गं?"

"काय गं काय! ही साल आहे की कांद्याचा पापुद्रा? टाकी बुडवलीस माझी. आधीची पोती कशी होती, जाड, ताठ! आणि मग कोणी सांगितलं होतं तुला एवढी नजाकत करायला? वर सगळा चिखल झालाय. हे घे तुझं पोतं परत. मला नको असला माल."

मामी आतून धावत आली आणि दारातच थिजली. आजारपणानंतर त्याच्याशी कोणी असं बोललं नव्हतं. मलाही तेव्हाच भान आलं.

मामा पोत्याकडे बघत होता. वाकला, डाव्या हाताने सुतळी चाचपली. "ही गाठ माझी नाही," तो म्हणाला.

"तुझी कशी असेल? उघडलं ना मी. सगळीच उघडली. तुझ्या त्या गाठींनी माझा दात हललाय."

त्याने सुतळी बोटांत फिरवून बघितली. मग सरळ झाला आणि त्याचा चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला. आधी कान, मग कपाळ. हा लाल रंग मी लहानपणापासून ओळखते. इतका सुंदर रंग मी दुसरा पाहिलेला नाही.

"माल खराब?" तो म्हणाला. "माझा माल? ह्या गल्लीत एवढी पातळ साल काढून दाखव म्हणावं कोणाला! एका हाताने काढलीय ही, एका हाताने!"

"मग कशाला काढलीस? मी मागितली होती का पातळ?"

"तू सांगितलं होतंस का जाड म्हणून? तोंडाला काय झालं होतं? भरपूर हव्यात, भरपूर हव्यात, एवढंच. माप नको सांगायला? काय शिकलीस एवढं, गिऱ्हाईक म्हणून माल मागता येत नाही धड!"

"सुताराला कळायला नको? पोत्यात दाबून बघायचं!"

"मला काय माहीत, तुझ्या त्या किड्यांना काय आवडतं!"

"किडे नाहीत ते!"

"असतील कोणी. त्यांना म्हणावं, जाड हवी तर जाड मिळेल. पण आधीची ती साल जाड नव्हती, ती गचाळ होती. कुठे जाड, कुठे फाटकी. तसला माल माझ्या नावाने मी पुन्हा देणार नाही. जाड द्यायची तर एकसारखी जाड देईन. रंधा काढ तो खिळ्यावरचा. बघतेस काय? काढ!"

मी रंधा काढला. त्याने तो मांडीवर आडवा धरला, उजव्या हाताने कसाबसा दाबून ठेवला, डाव्या हातात लाकडी हातोडी घेतली आणि पात्याच्या डोक्यावर हलकेच ठोका दिला. धार डोळ्यासमोर धरून बघितली, तोंडाने च्च केलं, आणखी एक ठोका दिला. मामीला ओरडला, "अगं, फळी आण मागची! आणि फडकं!" मामीने फळी ओढत आणली, त्याचा हात मुठीवर बांधला.

पहिली कुरळी निघाली. जाड, एकसारखी, टोकाशी घट्ट वळलेली. त्याने ती माझ्यासमोर धरली. "ही चालेल का बाईसाहेबांना?"

मी ती दाबली, सोडली. ती पुन्हा ताठ उभी राहिली. "चालेल," मी म्हणाले. "पण सगळ्या अशाच पाहिजेत. एक जरी पातळ निघाली तर पोतं परत."

"आणशील परत. तुझ्या घरचं राज्य आहे," तो म्हणाला आणि पुन्हा रंधा लावला.

मला त्याला खूप काही सांगायचं होतं. की तू मला आणलं नसतंस तर मी कुठे असते. की तुझ्या बाकाच्या टोकावर बसून मी जे शिकले त्यावरच आज उभी आहे. की मी तुला फसवून उपकार करायला निघाले होते आणि टाकी माझी वाचली. मी "मामा, तुझ्यामुळे..." एवढं म्हणाले.

"बाजूला हो," तो म्हणाला. "उजेड अडवतेस."

मी बाजूला झाले. भिंतीला टेकून उभी राहिले आणि डोळे पुसले, भुसा गेल्यासारखे. फळीवरून एकामागून एक जाड कुरळ्या वळून खाली पडत होत्या. मधेच तो थांबला, दम खाल्ला आणि मी मारलेल्या गाठीवरून पुन्हा एकदा मला सुनावलं, अशी गाठ मारतात का म्हणून. मीही उलट बोलले. आवाज चढले.

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. बऱ्याच वर्षांत कोणी धावत आलं नव्हतं. "काय हो," त्या घाबरून मामीला म्हणाल्या, "काय झालं? कोण भांडतंय?"

मामीने नुसता पदर तोंडाला लावला.

मामाने रंधा थांबवला. "काही नाही हो काकू," तो म्हणाला, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, छाती पुढे काढून म्हणाला, "आमची ठिणगी आलीय. माझा माल परत घेऊन आलीय!"